इंग्रजीतले वर्तमानकाळ: तक्ता पाठ, बोलताना पंचाईत

परळची_पोर
नमस्कार मंडळी. परळला आमच्या मंडळाचं एक ऑफिस आहे, गणपतीचे दिवस सोडले तर संध्याकाळचं रिकामंच पडलेलं असतं, तिथे मी आजूबाजूच्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. फी नाही, चहा त्यांचा. एकजण साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे, एक हॉस्पिटलात वॉर्डमधल्या मावशी, एक डबे करून देते, बाकीच्या घरी असतात. सगळ्या मराठी मीडियमच्या, दहावी-बारावी झालेल्या.

आता गंमत अशी की वर्तमानकाळाचा तक्ता सगळ्यांना पाठ आहे. साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण. 'सब्जेक्ट प्लस हॅव-हॅज प्लस बीन प्लस आयएनजी' अर्ध्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि मग मी विचारते, तुम्हाला मुलं किती, की लगेच 'आय ॲम हॅविंग टू डॉटर्स'. इथे कामाला कधीपासून? 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स'. मी चूक सांगितली की मान हलवतात, दुसऱ्या दिवशी परत तेच. मला स्वतःला इंग्रजी येतं पण ते असं का हे समजावून सांगता येत नाही, 'असंच असतं' म्हणून किती दिवस निभावणार? कुणी शिकवलंय का इथे? सुरुवात कुठून करू?

कल्याणस्लो
सर्वात आधी तुम्हाला सलाम. दुसरं म्हणजे घाबरू नका, आमचे साहेब मीटिंगमध्ये 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग युअर पॉइंट' असं दिवसातून चार वेळा म्हणतात आणि त्यांचा पगार माझ्या चौपट आहे 😄

खडूस_गिरणगावकर
परळमध्ये मराठी बायकांना इंग्रजी बोलायची वेळ यावी यातच सगळं आलं. आधी गिऱ्हाइकांना मराठी शिकवा म्हणावं.

परळची_पोर
@खडूस, शिकवू की, पाठवा तुमच्या ओळखीची गिऱ्हाइकं. तोवर माझ्या काउंटरवालीला साडी विकायचीय आणि विकलेल्या साडीमागे तिला कमिशन आहे. धागा भरकटवू नका प्लीज.

गिरगावचे_मास्तर
ताई, मी पालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी मराठी माध्यमात पाचवीला सुरू व्हायचं. तुमच्या बायका बहुधा त्या पाचवीवाल्या, म्हणजे माझ्याच तक्त्याच्या बळी. थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

तक्त्यात खोट नाही, खोट त्याच्या मराठी नावांत आहे. आपण 'चालू वर्तमानकाळ' म्हटलं की बाईच्या डोक्यात काय बसतं? मराठीत '-तोय, -तेय, -तंय' आलं की इंग्रजीत आयएनजी लावायचं. करतेय, डूइंग. जेवतेय, ईटिंग. इथपर्यंत बरोबर. पण मराठीत तर आपण कळतंय, आठवतंय, वाटतंय, दिसतंय, आवडतंय असंही सर्रास म्हणतो. मग तिने त्याच नेमाने 'आय ॲम रिमेंबरिंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग' केलं तर तिची काय चूक? तिने नियम पाळलाच आहे, फक्त मराठीचा.

मी शाळेत शेवटी शेवटी एक युक्ती वापरायचो. मराठी वाक्य आधी म्हणायचं आणि बघायचं की ते 'मी'ने सुरू होतं की 'मला'ने. मला कळतं. मला आठवतं. मला वाटतं. मला आवडतं. मला हवंय. मला दिसतंय. मला ऐकू येतंय. यातली एकही गोष्ट आपण करत नाही, ती आपल्याला होते. इंग्रजीत असल्या क्रियापदांना एरवी आयएनजी लागत नाही. आय नो, आय रिमेंबर, आय थिंक, आय लाइक, आय वाँट, आय सी, आय हिअर. आणि तीच गोष्ट आपण मुद्दाम करायला लागलो की मराठीतही 'मी' येतो आणि इंग्रजीतही आयएनजी येतं:

मला वाटतंय, आय थिंक. मी विचार करतेय, आय ॲम थिंकिंग.
मला दिसतंय, आय कॅन सी. मी बघतेय, आय ॲम लुकिंग.
मला ऐकू येतंय, आय कॅन हिअर. मी ऐकतेय, आय ॲम लिसनिंग.
मला वास येतोय, आय कॅन स्मेल इट. मी वास घेतेय, आय ॲम स्मेलिंग इट.

म्हणजे हा फरक बायकांना आधीपासून येतो, जन्मापासून येतो. नवीन काही शिकवायचं नाही, त्यांच्या तोंडात आहे तेच त्यांना दाखवायचंय.

ठाण्याची_मामी
वा मास्तर! मला शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर. आम्हाला 'स्टेटिव्ह व्हर्ब्स' (एरवी आयएनजी न लागणारी क्रियापदं) म्हणून तीस-चाळीस शब्दांची यादी दिली होती पाठ करायला, बिलाँग, पझेस, डिटेस्ट वगैरे. डिटेस्ट हा शब्द मी आयुष्यात आजतागायत कुठे वापरलेला नाही.

कल्याणस्लो
मास्तर एक शंका. 'तो मला शिकवतोय' यातही मला आहे की. आणि 'मला खोकला येतोय', याचं तर 'आय ॲम कफिंग' होतं ना?

गिरगावचे_मास्तर
पहिलीत 'तो' करणारा बसलाय, 'मला' नुसतं कर्म. करणारा दुसरा कुणी नसेल तेव्हाच माझी युक्ती लावा. खोकल्याचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, खोकला, उचकी, चक्कर या शरीराच्या तक्रारी नियम मोडतात. आय ॲम कफिंग, आय ॲम फीलिंग गिडी. युक्ती ही युक्तीच, पाणिनीचं सूत्र नव्हे.

परळची_पोर
हे मी आजच करून बघते. पण 'हॅविंग टू डॉटर्स'चं काय? 'मला दोन मुली आहेत' म्हणजे मलाच आहे, तरी त्या हॅविंग का म्हणतात?

गिरगावचे_मास्तर
कारण 'आहे' दिसला की हात आपोआप 'ॲम-इज-आर'कडे जातो, आणि एकदा ॲम तोंडातून निघाला की त्याच्या मागे आयएनजी ओढलं जातं. त्यांना सांगा, जवळ असणं, नात्यात असणं, ताप असणं, सगळ्याला नुसतं 'हॅव'. आय हॅव टू डॉटर्स, आय हॅव अ फीव्हर. 'हॅविंग' कधी? हॅवचा अर्थ 'करणं' होतो तेव्हा. वी आर हॅविंग टी, जेवण चाललंय, दुकानात सेल चालू आहे, त्याला हॅविंग चालतं.

गोरेगावकर
थोडा विरोधी सूर लावतो. 'आय ॲम हॅविंग', 'आय ॲम नोइंग' या इंडियन इंग्लिशच्या जगभर नोंदलेल्या लकबी आहेत, भाषाशास्त्राची पुस्तकं त्यावर प्रकरणं लिहितात. सिंगापूरची इंग्रजी वेगळी, नायजेरियाची वेगळी, तशी आपली वेगळी. 'आय ॲम लव्हिंग इट' ही मॅकडोनाल्ड्सची जाहिरात २००३ची, तिथे 'लव्ह'ला आयएनजी लावलंच ना? गोऱ्याने केलं की क्रिएटिव्ह, परळच्या बाईने केलं की चूक?

नाईटशिफ्ट_मालाड
गोरेगावकर, मनातलं बोललात, पण ते जाहिरातवाल्यांनी मुद्दाम केलंय, 'आत्ता या घासाला मजा येतेय' हे दाखवायला. त्यांना 'आय लव्ह इट' माहीत होतं आणि त्यांनी ते मोडलं. माहीत असून मोडणं आणि दुसरा रस्ताच माहीत नसणं यात फरक आहे.

मी मालाडला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. पलीकडचा गोरा 'आय ॲम हॅविंग अ क्वेश्चन'वर अडत नाही, त्याला कळतं. तो अडतो ते वेळ कळत नाही तिथे. म्हणून माझं मत, हॅविंग वगैरे नंतर बघा, आधी 'पासून' घ्या.

मराठीत आपण काय म्हणतो, 'मी २०१५पासून इथे काम करतेय', 'मी दहा वर्षांपासून इथे काम करतेय'. दोन्हीकडे 'पासून', दोन्हीकडे साधंसुधं 'करतेय'. इंग्रजी दोन ठिकाणी भांडते. एक, ती विचारते की तू सुरुवात कधी झाली ते सांगतेस की मधे किती काळ गेला ते? सुरुवात असेल तर सिन्स, काळ असेल तर फॉर. सिन्स २०१५, सिन्स दिवाळी, सिन्स आय गॉट मॅरिड. फॉर टेन इयर्स, फॉर टू अवर्स. दुसरं, मागे सुरू झालेलं काम आजवर आलं असेल तर नुसत्या 'ॲम वर्किंग'ला ती मान्यता देत नाही, मागचं आणि आजचं जोडायला 'हॅव बीन' लागतं. आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स. 'आय ॲम वर्किंग' म्हटलं की पलीकडच्याला फक्त आत्ताचं चित्र दिसतं, मागची दहा वर्षं दिसतच नाहीत.

ट्रिक एकच, मराठी वाक्यात 'पासून' किंवा 'झाली' ऐकू आलं ('दहा वर्षं झाली करतेय') की घंटा वाजली पाहिजे, हॅव बीन. आमच्याकडे नवीन पोरं येतात त्यांना मी दुसरं काही सांगत नाही.

ठाण्याची_मामी
आणि मास्तरांचा 'मला' आणि तुमचा 'पासून' एकत्र आले तर? 'मला ती लहानपणापासून माहीत आहे' म्हणजे 'आय हॅव बीन नोइंग हर' होणार का?

नाईटशिफ्ट_मालाड
नाही ना, तिथे मास्तर जिंकतात. आय हॅव नोन हर सिन्स चाइल्डहुड. 'हॅव' राहतं, 'बीन-आयएनजी' गळतं. मामी तुम्ही भारी आहात, हा प्रश्न आमच्या ट्रेनरलाही सुचला नव्हता.

परळची_पोर
क्लास झाला! 'मी-मला'ने कमाल केली, वॉर्डवाल्या मावशी तर आता मराठी वाक्य पुटपुटून मगच इंग्रजी बोलतात. पण त्यांनीच मला अडकवलं. त्या डॉक्टरला सांगायला गेल्या 'पेशंट झोपलाय', आणि तक्त्याप्रमाणे झोपलाय म्हणजे पूर्ण वर्तमान, म्हणून 'पेशंट हॅज स्लेप्ट'. डॉक्टरला वाटलं झोप होऊन पेशंट उठला, आणि तो थेट तपासायला आत. मी म्हटलं 'इज स्लीपिंग' म्हणायचं, तर मावशी म्हणतात, अहो पण झोपतोय नाही, झोपलाय! झोपतोय म्हणजे अजून कूस बदलतोय. खरंच की. काय सांगू?

गिरगावचे_मास्तर
मावशींना माझा नमस्कार सांगा, विद्यार्थिनी असावी तर अशी.

बसणं, झोपणं, उभं राहणं, टेकणं, नेसणं, घालणं. या सगळ्यांत मराठी माणूस क्रिया संपल्यावर जी स्थिती उरते ती 'ला आहे'ने सांगतो. बसलाय, झोपलाय, उभा राहिलाय, साडी नेसलीय, चष्मा घातलाय. इंग्रजी त्या उरलेल्या स्थितीलाच चालू क्रिया मानते. ही इज सिटिंग, स्लीपिंग, स्टँडिंग. शी इज वेअरिंग अ सारी. तुमच्या काउंटरवालीला हे रोज लागेल, समोरच्या बाईने नेसलेली साडी दाखवून बोलायचं तर 'द वन यू आर वेअरिंग'. 'यू हॅव वोर्न' म्हटलं तर काम भागेल, पण कानाला खटकेल.

कल्याणस्लो
याच्याच जोडीला आमच्या घरची गोष्ट. बायको फोन करते, निघालास का. मी म्हणतो निघालोय. तेव्हा मी कुठेही असू शकतो, डेस्कवर, लिफ्टमध्ये, किंवा सीएसएमटीला गाडीत बसलेला. मराठीत निघालोय हे एक संरक्षक कवच आहे. इंग्रजीत ती सोय नाही, 'आय ॲम लीव्हिंग' की 'आय हॅव लेफ्ट' ते ठरवावं लागतं. इंग्रजी बोलणारे नवरे कसे जगत असतील देव जाणे.

ठाण्याची_मामी
😂😂 आणि 'आलो आलो, दोन मिनिटं'! माणूस अजून तिथेच आणि भूतकाळ. त्याचं इंग्रजी 'आय ॲम कमिंग'.

उलटी पण गंमत आहे. आपल्यात बायका घरून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. माझ्या ओळखीची एक बाई एका घरी बेबीसिटिंगला जायची, काम झालं की मॅडमना 'आय ॲम कमिंग' सांगून निघून यायची. मॅडम बिचारी वाट बघत बसायची की आता ही कुठून येणार.

परळची_पोर
मामी हे मी उद्या सांगणार, नाव न घेता.

हां आणि त्यावरून आठवलं, डबेवाल्या ताईंनी विचारलं की 'समजलं' म्हणजे 'आय अंडरस्टूड' ना? त्यांना सगळीकडे भूतकाळ हवा असतो. समजलं, भूक लागली, दमले.

नाईटशिफ्ट_मालाड
हे माझ्या लिस्टमध्ये नंबर दोनला होतं. आपण क्रिया घडून गेली म्हणून भूतकाळ वापरतो, भूक लागली, तहान लागली, दमले, कंटाळले, समजलं. इंग्रजी विचारते, आत्ता तुझी अवस्था काय? आय ॲम हंग्री, आय ॲम थर्स्टी, आय ॲम टायर्ड, आय ॲम बोअर्ड, आय अंडरस्टँड. कस्टमरला 'आय अंडरस्टूड' म्हटलं की त्याला वाटतं तेव्हा समजलं होतं, आता विसरला. आमच्याकडे सगळी पोरं 'आय अंडरस्टँड' म्हणायला लागली तेव्हा एस्कलेशन (वरच्या साहेबाकडे जाणाऱ्या तक्रारी) कमी झाली असं मी म्हणत नाही, पण निदान 'सो व्हॉट हॅपन्ड नाऊ' हा प्रश्न बंद झाला.

गोरेगावकर
मी तिरका प्रश्न टाकला होता खरा, पण धागा आवडतोय म्हणून माझीही भर. लिव्ह आणि लिव्हिंग. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, आम्ही सध्या कांदिवलीला भाड्याने. मराठीत दोन्हीला 'राहतो'. इंग्रजीत मी 'आय लिव्ह इन गोरेगाव, बट आय ॲम लिव्हिंग इन कांदिवली ॲट द मोमेंट' म्हटलं की समोरच्याला न सांगता कळतं की कांदिवली तात्पुरती. साधा वर्तमान म्हणजे कायमचं, चालू म्हणजे तूर्तास. बिल्डरने पझेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकललीय, त्यामुळे माझा चालू वर्तमान कधी साधा होतो ते बघायचं.

कल्याणस्लो
बिल्डरचा काळ वेगळाच असतो हो, अपूर्ण भविष्य.

बरं, साध्या वर्तमानाबद्दल अजून कुणी बोललंच नाही. सगळ्यांना वाटतं तो सोपा. पण तो उद्याचंही सांगतो. टाइमटेबलवर ठरलेलं असेल तर साधा. डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच दहाला सीएसएमटीहून सुटते, 'द डेक्कन क्वीन लीव्हज ॲट टेन पास्ट फाइव्ह', उद्याची असली तरी लीव्हज. १९३०पासून ती गाडी धावतेय (घ्या, हॅज बीन रनिंग सिन्स १९३०). पण मी स्वतः उद्या पुण्याला जायचं ठरवलंय, तिकीट काढलंय, तर 'आय ॲम गोइंग टु पुणे टुमारो'. गाडीचं वेळापत्रक साधं, माणसाचा बेत चालू. मराठीत दोन्हीला आपण 'उद्या जाते', 'उद्या जातोय' काहीही म्हणतो, कुणाला फरक पडत नाही.

ठाण्याची_मामी
पेपरचे मथळे पण साधेच असतात हां. आमचे हे इंग्रजी पेपर घेतात, मार्च २०२४ला मुंबईने वानखेडेवर विदर्भाला हरवून ४२वी रणजी जिंकली, दुसऱ्या दिवशी मथळ्यात 'मुंबई विन'. मी म्हटलं काल झालं की, 'वन' पाहिजे. मथळ्यात झालेली गोष्टसुद्धा साध्या वर्तमानात देतात हे मला तेव्हा कळलं. रेडिओवरची कॉमेंट्री पण तशीच, 'ही कम्स इन, ही बोल्स'. तिथे 'ही इज कमिंग इन, ही इज बोलिंग' करत बसलं तर तेवढ्यात चेंडू बाउंड्रीपार.

गिरगावचे_मास्तर
मामी, आता कालचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात चिवट चूक सांगून टाकतो. 'मी काल पाठवलंय.' मराठीत शंभर टक्के शुद्ध. 'त्याला परवाच सांगितलंय.' शुद्ध. याचं सरळ इंग्रजी 'आय हॅव सेंट इट यस्टरडे', आणि ते इंग्रजीत चालत नाही. कितीही शिकलेला माणूस असो, ऑफिसच्या मेलमध्ये हे सापडतंच.

कारण असं की 'हॅव सेंट'मध्ये इंग्रजीला फक्त आजचा निकाल सांगायचाय, गोष्ट झाली, आता तुझ्याकडे पोचली. कधी झाली याच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही घड्याळ किंवा तारीख काढलीत, यस्टरडे, लास्ट वीक, ॲट टेन, इन २०१९, की ती गोष्ट मागे गेली, मग 'आय सेंट इट यस्टरडे'. 'टुडे' चालतो, कारण आजचा दिवस अजून संपलेला नाही.

शिकवायला सोपं असं, पैसे पाठवल्याचं संभाषण घ्या, सगळ्या बायका ते रोज करतात. 'पैसे टाकलेत', 'आय हॅव सेंट द मनी'. समोरून, 'कधी?' 'व्हेन डिड यू सेंड इट?' इथेच काळ बदलला, प्रश्नातच. 'आय सेंट इट ॲट टेन.' कधी विचारलं की हॅव उतरवून ठेवायचा.

नाईटशिफ्ट_मालाड
यात एक पोटभेद. अमेरिकन लोक 'हॅव' तसाही फार वापरत नाहीत, 'डिड यू ईट यट?', 'आय जस्ट सेंट इट'. ब्रिटिश पद्धतीत 'हॅव यू ईटन यट?', 'आय हॅव जस्ट सेंट इट'. बायकांनी वेब सिरीज बघून 'यू ऑल्रेडी टोल्ड मी' आणलं तर चूक देऊ नका.

परळची_पोर
हे सगळं एकदम नाही सांगणार, डोक्यावरून जाईल त्यांच्या. आज 'पासून' घेतलं. काउंटरवालीने स्वतःहून 'आय हॅव बीन सेलिंग सारीज फॉर टेन इयर्स' म्हटलं आणि मग म्हणाली, ताई आता पगार वाढवून मागायचं वाक्य शिकवा. पण एक राहिलंच, 'शी वर्क'. एस लागतच नाही जिभेला.

गिरगावचे_मास्तर
त्यावर बोलणं तोडू नका, कुणाचं काही अडत नाही. फार तर गंमत म्हणून सांगा, मराठीत 'स' तू-ला लागतो, तू जातेस, तू करतेस. इंग्रजीत तो 'स' तू-कडून काढून तिला दिलाय, शी गोज, शी वर्क्स. आणि प्रश्नात किंवा नकारात 'डझ' आला की तो 'स' डझने पळवला, क्रियापद पुन्हा मोकळं. डझ शी वर्क, शी डझन्ट वर्क. 'डझ शी वर्क्स'मध्ये दोनदा हिशेब लागतो.

कल्याणस्लो
आणि 'व्हॉट यू आर डूइंग'?

गिरगावचे_मास्तर
मराठीत प्रश्न विचारताना क्रियापद जागचं हलत नाही, 'तू काय करतेस', म्हणून. इंग्रजीत 'आर'ला उचलून पुढे आणायचं. मात्र तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की आपली चुकीची वाटणारी रचनाच बरोबर ठरते, 'टेल मी व्हॉट यू आर डूइंग'. त्यामुळे ज्या बाईला सुलटं जमत नाही तिला आधी 'टेल मी' लावून विचारायला सांगा. दुकानात तर 'टेल मी व्हॉट यू आर लुकिंग फॉर' छानच वाटतं.

खडूस_गिरणगावकर
चोरून वाचतोय सगळं. 'तो नेहमी पास हरवत असतो', याचं काय? त्या 'असतो'ला इंग्रजीत काय आहे?

ठाण्याची_मामी
आले बघा खडूस! तो आपला रीती वर्तमानकाळ. तक्रार असेल तर 'ऑलवेज' घालून चालू काळ वापरायचा, 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज पास', कपाळाला हात लावून म्हणायचं. नुसती माहिती असेल तर साधा, 'ही ऑलवेज टेक्स द एट फॉर्टी'. सासूबद्दल बोलताना पहिला वापरावा लागतो.

खडूस_गिरणगावकर
आभारी. माझ्या मुलीला तिच्या बाईंनी 'ऑलवेजला नेहमी साधा काळ' असं लिहून दिलंय, तिला हे दाखवतो.

परळची_पोर
शेवटचं एक, मग सोडते तुम्हाला. वॉर्डमधली सिस्टर, म्हणजे नर्स, पंढरपूरला गेलीय, मावशींना ते डॉक्टरांना सांगायचंय. 'सिस्टर हॅज गॉन' की 'सिस्टर हॅज बीन'? मी दोन्ही ऐकलंय.

नाईटशिफ्ट_मालाड
सिस्टर अजून तिकडेच असेल तर 'शी हॅज गॉन टु पंढरपूर'. जाऊन परत आली असेल तर 'शी हॅज बीन टु पंढरपूर'. आपल्या 'गेलीय' आणि 'जाऊन आलीय'सारखं. मावशींना म्हणावं, डॉक्टरला सिस्टर आत्ता हवी असेल तर 'गॉन'च सांगा, 'बीन' सांगितलंत तर तो तिला हाका मारत बसेल.